आधी पुस्तकांची यादी, मग ई-रीडर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छापील पुस्तकांवर जीव असलेल्या माणसाने पहिला ई-रीडर (पुस्तके वाचण्यासाठीच बनवलेले पडद्याचे यंत्र) घ्यावा की नाही, आणि घ्यायचाच तर कोणता घ्यावा, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला गावातल्या इतक्या जणांनी विचारला आहे की, प्रत्येकाला चहाच्या टपरीवर अर्धेमुर्धे उत्तर देण्यापेक्षा ते आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातून एकदाच सविस्तर द्यावे असे वाटले. पत्र नेहमीपेक्षा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मला हा प्रश्न विचारला जाण्याचे कारण एवढेच की, मी अंबाजोगाईत १९८१ पासून २०१६ पर्यंत एक लहानसा छापखाना चालवला. खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवून ट्रेडलवर, म्हणजे लहान छपाईयंत्रावर, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हस्तपत्रके छापण्यापासून सुरुवात केली, संगणकावरच्या अक्षरजुळणीपर्यंत आणि ऑफसेटपर्यंत पोहोचलो, आणि अधूनमधून परिसरातल्या कवींचे संग्रह व संस्थांच्या स्मरणिकाही काढल्या. अशा माणसाच्या हातात ई-रीडर दिसला की लोकांना नवल वाटते. काहींना तर ती फितुरीच वाटते.

छापील पुस्तक श्रेष्ठ की पडद्यावरचे, हा वाद मला या पत्रात घालायचा नाही. आमच्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. चारशे वर्षांपूर्वी त्यांनी कापडाच्या त्या लांबलचक पटावर ग्रंथ लिहिला आणि तो आजही पाहायला मिळतो. त्यामुळे ग्रंथ कागदाचाच असला पाहिजे असा हट्ट निदान अंबाजोगाईकराने तरी धरू नये. मात्र ती पासोडी रात्री अंथरुणावर पडून वाचता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. मजकूर कशावर उतरला आहे यावर तो कुठे, कसा आणि कोणाला वाचता येईल हे ठरते, आणि ई-रीडर निवडताना होणारा घोळ नेमका याच ठिकाणी होतो. लोक यंत्राची चौकशी करतात, किंमत विचारतात, बॅटरी किती दिवस टिकते ते विचारतात. पण आपल्याला वाचायची असलेली पुस्तके त्या यंत्रावर मुळात येतात का, आणि येत असतील तर कोणत्या रूपात येतात, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

मला ई-रीडरकडे वळावे लागले त्याची कारणे दोन. पहिले म्हणजे डोळे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर दूरचे छान दिसू लागले, पण ११ पॉइंटात (पॉइंट हे अक्षराचे माप) घट्ट बसवलेले पान तासभर वाचणे जड जाऊ लागले. (११ पॉइंटात बसवले तर एक फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा एक संच, कमी लागेल, हा सल्ला कवींना मीच देत असे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.) दुसरे कारण म्हणजे वाळवी. आमचा वाडा जुना, भिंती मातीच्या आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. एका पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या फळीतून वाळवी आत शिरली आणि खालच्या दोन खणांतली पुस्तके तिने अशी खाल्ली की बाहेरून पुठ्ठा धड आणि आत माती. ज्यांनी मराठवाड्यातल्या जुन्या घरांत पुस्तके सांभाळली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

माझी ही अवस्था पाहून पुण्यात राहणाऱ्या भाच्याने त्याचा जुना, ६ इंची पडद्याचा ई-रीडर मला दिला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी मौलिक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, हे मला ठाऊक होते. त्यातली चार-पाच उतरवून घेतली, यंत्रात टाकली आणि पहिले पान उघडले. तर अख्खे पान पडद्यावर आले खरे, पण अक्षर इतके बारीक की मुंग्यांची रांग चालली आहे असे वाटावे. मोठे करावे तर ओळीचा उजवा भाग पडद्याबाहेर जाई, तो पाहायला पान सरकवावे तर पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळे, आणि तोवर ओळीची सुरुवात विसरलेली असे. आठवडाभर खटपट करून मी ते यंत्र दिवाणावरच्या उशीखाली ठेवून दिले. दोष मंडळाचा नव्हता, ज्याने यंत्र घडवले त्याचाही नव्हता. दोष जोडी जुळवण्यात होता, आणि आयुष्यभर कागदाचा आकार पाहून मजकूर बसवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते.

याचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक ग्राहकाने घरी करण्यासारखा आहे. आपली बहुतेक मराठी पुस्तके डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतात. पीडीएफ म्हणजे त्या पानाचे जणू छायाचित्र. त्यातला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने ओळी पाडून घेत नाही. ६ इंची पडदा म्हणतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या मापाने. त्याची खरी रुंदी जेमतेम ३.६ इंच भरते. साडेपाच इंचांचे पान ३.६ इंचांत कोंबले की १२ पॉइंटचे अक्षर ८ पॉइंटचे होते. ७ इंची पडद्याची रुंदी सुमारे ४.२ इंच, तिथे तेच अक्षर ९ पॉइंटच्या आसपास येते. १० इंची पडद्यावर मात्र डेमी पान जवळजवळ मूळ आकारात मावते. उलट ज्या ई-पुस्तकात मजकूर वाहता असतो, म्हणजे ईपब किंवा किंडलच्या (किंडल हा अॅमेझॉनचा ई-रीडर) स्वरूपातल्या पुस्तकात, तिथे ६ इंची पडदाही पुरतो, कारण अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने पडतात. म्हणून किती इंची पडदा घ्यावा याचे उत्तर दुकानदाराकडे नसते, आपल्या कपाटात असते.

हे कळल्यावर मी जे आधी करायला हवे होते ते केले. पुन्हा वाचावीशी वाटणारी आणि अजून वाचायची राहिलेली अशी पुस्तके कागदावर लिहून काढली आणि एकेका नावापुढे ते कोणत्या रूपात मिळते ते शोधून लिहिले. तीन ढीग पडले. पहिला ढीग वाहत्या मजकुराच्या ई-पुस्तकांचा, दुसरा फक्त पीडीएफचा आणि तिसरा जी पुस्तके कागदाखेरीज कुठेच नाहीत त्यांचा. तिसरा ढीग सर्वांत उंच निघाला. त्यात मराठवाड्यातल्या लेखकांची, लहान प्रकाशकांची, एकच आवृत्ती निघून संपलेली पुस्तके होती. त्यांतली दोन तर माझ्याच छापखान्यात छापलेली. ज्याची यादी अशी तिसऱ्या ढिगात जास्त जाते, त्याने ई-रीडर घेण्याची घाई करू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. जी पुस्तके मिळणारच नाहीत त्यांच्यासाठी यंत्र घेऊन ठेवणे म्हणजे विहिरीला पाणी लागण्याआधी मोटार बसवण्यासारखे आहे.

पहिला ढीग कुठून भरतो, तेही सांगतो. अॅमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरमध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तके किंडलवर आणली आणि तेव्हापासून मोठ्या प्रकाशकांची बरीच पुस्तके तिथे वाहत्या मजकुरात मिळू लागली. बुकगंगा या संकेतस्थळावर मराठी ई-पुस्तकांचा साठा मोठा आहे, पण ती पुस्तके त्यांच्याच अॅपमध्ये वाचायची असतात. ती किंडलवर नेता येतील असे गृहीत धरून कोणी किंडल घेतला तर फसगत होईल. अँड्रॉइडवर चालणारी ई-शाईची (तिच्याबद्दल पुढे सांगतो) यंत्रे, उदाहरणार्थ बूक्स, घेतली तर असे अॅप त्यावर बसवता येते. मात्र फोनच्या सरकत्या पडद्यासाठी घडवलेले अॅप ई-शाईवर अडखळत चालते आणि मागच्या पानाची पुसट सावली मागे राहते, हे ध्यानात ठेवावे. कोबो आणि पॉकेटबुक ही यंत्रे ईपब थेट उघडतात. किंडलला ईपब हवे असेल तर ते कंपनीच्या सेवेमार्फत पाठवावे लागते आणि ही सोय २०२२ पासून आहे. यंत्र कोणतेही असो, बिघडल्यावर ते दुरुस्तीला कुठे द्यायचे याचे उत्तर घेण्याआधी मिळवावे. अंबाजोगाई, उदगीर, हिंगोली अशा गावांतल्या माणसाला हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

विनामूल्य मिळणाऱ्या पुस्तकांचाही विचार व्हावा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली की त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून खुले आहे. संतसाहित्य तर आहेच. विकिस्रोत या खुल्या ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर अशी काही मराठी पुस्तके वाहत्या मजकुरात मिळतात, आणि ई साहित्य प्रतिष्ठान अनेक वर्षे मराठी ई-पुस्तके फुकट देत आले आहे. जुन्या मराठी गद्याची आवड असलेल्या माणसाचा पहिला ढीग एक रुपयाही खर्च न करता बऱ्यापैकी वाढू शकतो.

आता पडद्याबद्दल. ई-रीडर म्हणजे लहान टॅब्लेट, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात मी ई-रीडर मागितला, तेव्हा तिथल्या मुलाने मोठ्या आदराने चार टॅब्लेट माझ्यापुढे मांडले. टॅब्लेटचा पडदा मागून उजळलेला असतो आणि त्याचा उजेड थेट डोळ्यांत येतो. ई-शाईचा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असतात आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालून जसा विद्युतदाब द्यावा तसे काळे किंवा पांढरे कण वर येऊन स्थिरावतात. एकदा स्थिरावले की ते तसेच राहतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटताना, आणि दिवा लावला असेल तर त्याला. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आकाराला आले, १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये या पडद्याचे वाचनयंत्र बाजारात आणले आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी पहिला किंडल अमेरिकेत विक्रीला आला. मुद्रकाच्या नजरेने पाहिले तर मला या पडद्यात खिळ्यांच्या पेटीचा दूरचा नातलग दिसतो: मजकूर एकदा जुळला की तो हलत नाही, आणि दुसरे पान हवे असेल तर सगळे मोडून पुन्हा जुळवायचे. पान उलटताना पडदा जो क्षणभर काळा होतो, ती हीच मोडजोड. दोन दिवसांत तिची सवय होते.

ठिपक्यांची दाटी हा मुद्दा देवनागरी वाचणाऱ्याने इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावा. भाच्याच्या जुन्या यंत्राला दर इंचाला १६७ ठिपके होते. आजच्या चांगल्या यंत्रांना ३०० असतात. रोमन लिपीतले सुटे अक्षर १६७ ठिपक्यांत चालून जाते, पण आपल्या ‘घ’ आणि ‘ध’मध्ये, ‘भ’ आणि ‘म’मध्ये फरक एका बारीक गाठीचा किंवा शिरोरेघेतल्या फटीचा असतो आणि ती फट बुजली की डोळा अडखळतो. छापखान्यात ६०० ठिपक्यांच्या लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग (छपाईसाठीची पारदर्शक कागदावरची प्रत) काढतानाही आम्ही जोडाक्षरे भिंगाखाली तपासत असू, मग १६७ ठिपक्यांची काय कथा. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून जुने, कमी ठिपक्यांचे यंत्र घेऊ नये. रंगीत ई-शाईचा मोहही पहिल्या खरेदीत टाळावा असे माझे मत आहे. सध्याच्या रंगीत पडद्यांत काळा मजकूर ३०० ठिपक्यांचा असला तरी रंगीत भाग १५० ठिपक्यांचाच असतो आणि रंगांच्या जाळीमुळे पानाचा पांढरेपणा कमी होतो. दिवाळी अंकाची रंगीत पाने पाहायला त्यापेक्षा टॅब्लेट बरा.

दिव्याबद्दल थोडक्यात. ई-रीडरचे दिवे पडद्याच्या कडेला असतात आणि उजेड पानावर पडतो, जसा टेबलावरच्या दिव्याचा पडावा. त्यातही पिवळसर उजेडाची सोय असलेले यंत्र रात्री वाचणाऱ्याने घ्यावे. अगदी साध्या किंडलमध्ये ती नसते, त्याच्या पेपरव्हाइट या वरच्या प्रकारात २०२१ पासून आहे. आमच्याकडे भारनियमनाच्या रात्री घरातले सगळे माळवदावर बसतात आणि मी अंधारात वाचत पडतो, हे सुख मला कागदाने कधी दिले नव्हते. एक इशारा मात्र देतो. ही यंत्रे ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी घडवलेली असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो. उन्हात धरून वाचता येते, उलट उन्हात अक्षर अधिकच ठसठशीत दिसते, पण बंद गाडीत किंवा एसटीच्या खिडकीच्या कडेला ते तापत ठेवू नये, कारण बॅटरी त्यानेच खराब होते.

अक्षराचे वळण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांचे वळण ज्याने पाहिले आहे, त्याला काही यंत्रांतली देवनागरी परकी वाटते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांत सापडते. ती हिंदी वळणाची असतात. आपल्या शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबाबत जो निर्णय काढला, त्यात या अक्षरांचे मराठी वळण ठरवून दिले आहे, पण यंत्र बनवणाऱ्यांना त्याची खबर असण्याचे कारण नाही. बऱ्याच ई-रीडरांत आपल्या पसंतीचा फॉण्ट टाकता येतो. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू असे दोन फॉण्ट विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत आणि ते वळणाने मराठी आहेत. सर्वच पुस्तकांना बाहेरचा फॉण्ट लागू होतो असे नाही, पण जिथे होतो तिथे पान आपलेसे वाटते. ओळींमधले अंतर इंग्रजी पुस्तकापेक्षा एक पायरी जास्त ठेवावे, कारण वेलांट्या आणि मात्रा वर, उकार खाली, अशी आपल्या लिपीची दुमजली-तिमजली बांधणी आहे. अक्षर मोठे केल्यावर दोन्ही बाजू सरळ करण्याचा अट्टहास सोडावा आणि उजवी बाजू मोकळी ठेवावी. नाहीतर मराठीतल्या लांब सामासिक शब्दांमुळे ओळीत मोठमोठी भगदाडे पडतात.

यंत्र किंवा पुस्तक घेण्याआधी मी चार शब्दांची कसोटी लावतो: ‘दुसऱ्याच्या’, ‘आर्द्र’, ‘वाङ्मय’ आणि ‘उद्ध्वस्त’. हे चारही नीट उमटले तर पुढे जायला हरकत नाही. बहुतेक विक्रेते पुस्तकाची पहिली काही पाने फुकट वाचू देतात, त्यांत ही तपासणी होऊन जाते, आणि ती करायलाच हवी, कारण मराठी ई-पुस्तकांतल्या अशुद्धांचा प्रश्न मला यंत्रांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. त्याचे मूळ आमच्याच धंद्यात आहे. १९९० च्या सुमारास संगणकावर मराठी जुळणी सुरू झाली तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, नव्हते. श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींचे फॉण्ट होते आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. त्या फॉण्टांत अक्षर जसे दिसते तसे टंकले जाई: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी नंतर, रफारातला ‘र्’ आधी. जुन्या जुळणीचे ई-पुस्तक करताना हा क्रम उलटवावा लागतो आणि ते काम संगणकावर सोपवून कोणी मुद्रिते तपासली नाहीत की वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते आणि रफार एक घर पुढे सरकतो. पैसे देऊन घेतलेल्या एका कादंबरीत मला पहिल्या पन्नास पानांतच अशा चुका इतक्या सापडल्या की मी वाचक राहिलो नाही, पुन्हा मुद्रितशोधक झालो. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या हाती लागलेल्या प्रती ताडून, शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्याच गोदाकाठच्या माणसांनी दीड-दोनशे रुपये देऊन सरकलेले रफार वाचावेत, हे मला पटत नाही. प्रकाशकांनी ई-आवृत्तीसाठी मुद्रितशोधकाची स्वतंत्र फेरी ठेवावी. कागद, शाई, शिलाई यांचा खर्च वाचल्यावर एवढा खर्च त्यांना झेपण्यासारखा आहे.

मालकीचा मुद्दा छापील पुस्तकांच्या माणसाला सर्वांत उशिरा कळतो आणि सर्वांत जास्त टोचतो. ई-पुस्तक आपण विकत घेतो असे वाटते, प्रत्यक्षात वाचण्याचा परवाना घेतो. अॅमेझॉनने २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली, पुस्तक परतही देऊ केले, पण ते न विचारता घरातून नेले ते नेलेच. २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले किंडल पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही बंद करण्यात आली. असे पुस्तक शेजाऱ्याला देता येत नाही, वाचनालयाला देणगी देता येत नाही, मृत्युपत्रात लिहिता येत नाही. यावर मी स्वतःपुरता तोडगा काढला आहे: जे पुस्तक नातीच्या हातात पडावे असे वाटते ते कागदावर, आणि शक्य असेल तर जुजबांधणीचे (दोऱ्याने शिवलेल्या पानांचे) घेतो, जे एकदा वाचून सोडून द्यायचे ते यंत्रावर.

पैशांचे गणितही मांडतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये ७ इंची किंडल पेपरव्हाइट भारतात १६,९९९ रुपयांना आला. एक मराठी पुस्तक ३०० रुपयांचे धरले तर एवढ्या पैशांत ५६ पुस्तके येतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर तो २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता. मराठीत ई-आवृत्ती आणि छापील आवृत्ती यांच्या किमतींत पुष्कळदा फारसे अंतर नसते. त्यामुळे पैसे वाचतील म्हणून ई-रीडर घेणाऱ्याने तो घेऊच नये. डोळ्यांसाठी, जागेसाठी, प्रवासासाठी, किंवा इंग्रजीतली जगभरची जुनी पुस्तके फुकट वाचण्यासाठी घेणाऱ्याला मात्र तो पुरेपूर मोबदला देतो. मी स्वतः गेल्या दिवाळीत ३०० ठिपक्यांचे, पिवळसर उजेडाचे ७ इंची यंत्र घेतले, कारण माझ्या यादीतला पहिला ढीग त्याच्याजोगा होता. दुसऱ्या ढिगातली पीडीएफ मी मुलाच्या संगणकावर वाचतो. माझी यादी जर मुख्यतः पीडीएफची असती, तर थोडे थांबून, पैसे साठवून १० इंची यंत्र घेतले असते.

शेवटी एक विनंती, आणि तिच्यासाठीच मुख्यतः हे पत्र लिहिले. मराठवाड्यात ई-रीडर हातात घेऊन पाहण्याची सोय जवळपास नाहीच. कपड्याचा पोत पाहिल्याशिवाय आपण सदरा शिवायला टाकत नाही, आणि इथे सतरा हजारांची वस्तू चित्र पाहून मागवावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे आपल्याकडे गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. त्यांतल्या निदान जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या वाचनालयांनी दोन ई-रीडर, एक लहान आणि एक मोठ्या पडद्याचा, वाचनकक्षात ठेवावेत, त्यांत खुल्या झालेल्या मराठी पुस्तकांपैकी दहा-वीस घालावीत आणि सभासदांना तासभर बसून वाचू द्यावे. तसे यंत्र कुठल्या वाचनालयात आधीपासून असेल तर तिथल्या ग्रंथपालांनी आपल्या या सदरातून तसे कळवावे. मी माझी यादी आणि ते चार कसोटीचे शब्द घेऊन येणाऱ्यांबरोबर बसायला तयार आहे. बीड, लातूर, परभणीपर्यंत एसटीने यायची तयारी आहे, फक्त मे महिना सोडून बोलवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रक, अंबाजोगाई
(कृपया नाव छापू नये.)